पालीला नाव मिळाले. तिच्या अंड्याचे तापमान कोण मोजणार?

२०२४ साली तमिळनाडूतील श्रीविल्लिपुत्तूर-मेगमलै व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून एका इवल्याशा पालीच्या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. नराच्या अंगावरील पिवळ्या आणि निळसर रंगांची उधळण पाहून संशोधकांना व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचे ‘द स्टारी नाइट’ हे चित्र आठवले आणि पालीला ‘निमास्पिस व्हॅनगॉगी’ हे नाव मिळाले. देशभर तिची बातमी झाली. पाल दिसली की एरवी आपल्या घरात झाडू शोधला जातो, आणि ती अंगावर पडली तर पंचांगातले पल्लीपतनाचे कोष्टक उघडले जाते. अशा प्राण्याला विज्ञानाच्या निमित्ताने कौतुकाची बातमी लाभावी, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

या आनंदातही शंकेची पाल चुकचुकते, आणि ती शंका आज इथे मांडावीशी वाटते. गेल्या दोन दशकांत भारतातून पालींच्या नव्या जाती मोठ्या संख्येने उजेडात आल्या. कोल्हापूर परिसरातील ‘निमास्पिस कोल्हापुरेन्सिस’ २००९ मध्ये, सातपुड्यातील ‘युब्लेफॅरिस सातपुरेन्सिस’ २०१४ मध्ये, पूर्व घाटातील ‘युब्लेफॅरिस पिक्टस’ २०२२ मध्ये. अशा वर्णनांत खवल्यांच्या ओळी मोजलेल्या असतात, मांडीवरची सूक्ष्म छिद्रे मोजलेली असतात, डीएनएची तुलना असते. ही पाल अंडी कुठे घालते, त्या जागेचे तापमान काय असते आणि त्या तापमानाने पिल्लांत काय फरक पडतो, या प्रश्नांना मात्र बहुधा एखाद्या वाक्यापुरतीच जागा मिळते. माझे म्हणणे असे, की ही उणीव किरकोळ नाही. अंड्याभोवतीचे तापमान हा पालीच्या ओळखीचा मूलभूत भाग आहे, आणि ते मोजणे आपल्या संशोधनाचा नित्याचा भाग झाला पाहिजे. जिथे आपण स्वतःच्या हाताने सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी उबवतो, तिथे तर पिल्लांच्या संख्येशेजारी तापमानाचा हिशेब असलाच पाहिजे.

हा आग्रह का, ते समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. माणसात बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी, शुक्राणूने आणलेल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते, हे आपण शाळेत शिकतो. सगळ्याच प्राण्यांत तसेच घडत असावे, असा आपला समज होतो. १९६६ मध्ये सेनेगलमधील डकार येथे मादलेन शार्निए यांनी अगामा या सरड्याची अंडी निरनिराळ्या तापमानांत उबवली आणि पिल्लांतील नर-मादीचे प्रमाण तापमानानुसार बदलते, असे नोंदवले. थंड राहिलेल्या अंड्यांतून माद्या निघाल्या, उबदार अंड्यांतून नर. त्या छोट्या निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे कासवे, मगरी आणि पाली यांच्यावर प्रयोग होऊ लागले, तेव्हा शार्निए यांच्या निरीक्षणाचे मोल जगाला कळले.

पालींमध्ये हे काम सर्वांत बारकाईने झाले ते ‘लेपर्ड गेको’ या पालीवर. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या भागांतील ही पाल जमिनीवर राहते. तिच्या बोटांना भिंतीला चिकटणारे तळवे नसतात, आणि घरातल्या पालीला नसतात तशा उघडझाप करणाऱ्या पापण्या तिला असतात. तिचेच जवळचे नातलग महाराष्ट्र आणि गुजरातच्या खडकाळ माळांवरही आढळतात. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी स्थिर तापमानांत उबवली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले चित्र असे : २६ अंश सेल्सिअसला जवळपास सगळ्या माद्या. ३० अंशांना सुमारे एक चतुर्थांश नर. ३२.५ अंशांना सुमारे तीन चतुर्थांश नर. आणि त्याहून वर, ३४ अंशांच्या आसपास, पुन्हा बहुतेक माद्याच.

या आकड्यांकडे क्षणभर थांबून पाहावे. तीस अंश आणि साडेबत्तीस अंश यांतला फरक आपल्या हाताला जेमतेम जाणवेल. एकाच दगडाच्या सावलीतल्या आणि उन्हातल्या बाजूंमध्ये याहून मोठी तफावत असते. तेवढ्या फरकाने पिल्लांतील नर-मादीचे प्रमाण उलटेपालटे होते. शिवाय ही रेषा सरळ चढत जात नाही. ती चढते, शिखर गाठते आणि उतरते. त्यामुळे ‘ऊब वाढली की नर वाढतात’ किंवा ‘ऊब वाढली की माद्या वाढतात’ असे कोणतेही एका वाक्यातले सूत्र इथे चालत नाही. थोडी ऊब वाढल्यावर नर वाढतील आणि आणखी थोडी वाढल्यावर नाहीसे होऊ लागतील.

तापमानाचा परिणाम लिंगापाशी थांबत नाही, ही या संशोधनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. थंड अंड्याला उबायला अधिक दिवस लागतात, उबदार अंडे लवकर फुटते. २६ अंशांना जन्मलेली मादी आणि ३२.५ अंशांना जन्मलेली मादी या दोघी मादीच, पण त्यांच्या वागण्यात फरक आढळला. जिथे बहुसंख्य नर निपजतात त्या तापमानातून आलेल्या माद्या अधिक आक्रमक होत्या आणि नरांना कमी आकर्षक वाटत होत्या. नरांमध्येही उबवणीच्या तापमानानुसार वागणूक बदलत होती. सस्तन प्राण्यांत असा अभ्यास करणे अवघड असते, कारण गर्भाशयात शेजारच्या भावंडाची संप्रेरके पिल्लाला स्पर्श करून जातात. या पालीचे तसे नाही. ती एका वेळी दोन अंडी घालते आणि प्रत्येक पिल्लू आपापल्या कवचात एकटे वाढते. म्हणूनच तापमानाचा परिणाम इतर गोष्टींपासून वेगळा काढून पाहता आला. एका लहानशा पालीने ‘स्वभाव घडतो कसा’ या जुन्या प्रश्नावर असा प्रकाश टाकला.

हे घडते कसे? अंड्यातील गर्भाची जननग्रंथी सुरुवातीला दोन्ही वाटांनी जाऊ शकते. विकासाच्या एका ठरावीक टप्प्यात तापमानाचा कौल लागतो. त्या टप्प्याआधीचे किंवा नंतरचे तापमान लिंगाच्या दृष्टीने फारसे निर्णायक नसते. या वाटेवर ॲरोमाटेज हे विकर मोठी भूमिका बजावते. टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करण्याचे काम त्याचे. ते सक्रिय झाले की ग्रंथी बीजकोशाच्या दिशेने वळते. तापमानाची खबर जनुकांपर्यंत कशी पोहोचते, याचा एक महत्त्वाचा दुवा २०१८ मध्ये लाल कानाच्या गोड्या पाण्यातील कासवात सापडला. थंड तापमानात केडीएम६बी नावाचे जनुक जागे होते, ते डीएमआरटी१ या नरत्वाशी निगडित जनुकावरचे रासायनिक कुलूप काढते, आणि गर्भ नर होतो. म्हणजे तापमान डीएनएतील अक्षरे बदलत नाही. कोणते पान उघडायचे, एवढेच ते ठरवते.

मग निसर्गाने इतकी मोठी गोष्ट हवामानाच्या हवाली का केली असावी? १९७७ मध्ये एरिक चार्नोव्ह आणि जेम्स बुल यांनी याचे एक सैद्धांतिक उत्तर दिले. एखाद्या जागी वाढणे नराला अधिक लाभाचे आणि दुसऱ्या जागी वाढणे मादीला अधिक लाभाचे असेल, तर जागेवरून लिंग ठरणे फायद्याचे ठरते. विधान सुंदर होते, पण सिद्ध करणे कठीण. ज्या तापमानात नर जन्मतच नाहीत, तिथले नर तुलनेसाठी आणायचे कुठून? ऑस्ट्रेलियात डॅनियल वॉर्नर आणि रिचर्ड शाइन यांनी एका सरड्यावर ही अडचण सोडवली. त्यांनी संप्रेरकांच्या वाटेत हस्तक्षेप करून सर्व तापमानांत नर मिळवले आणि त्या प्राण्यांना वाढू देऊन त्यांची किती संतती होते, ते पाहिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सिद्धांताला पुष्टी देणारा होता. जे तापमान निसर्गतः ज्या लिंगाला जन्म देते, त्याच तापमानात त्या लिंगाची संतती सर्वाधिक होते. तेव्हा अंड्याभोवतीची ऊब हा नुसता योगायोग नाही. त्या प्राण्याने लाखो वर्षांत आपल्या भूमीशी केलेला तो करार आहे.

आता कोणी म्हणेल, लेपर्ड गेकोवर एवढे काम झाले आहे, तर तेच आपल्या पालींना लावावे. नेमके हेच करता येत नाही. २०१५ मध्ये टोनी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी पालींच्या अनेक जातींचे डीएनए तपासून दाखवले, की पालींच्या वंशवृक्षात लिंगनिश्चितीची पद्धत १७ ते २५ वेळा बदलली असावी. कुठे एक्स-वाय, कुठे झेड-डब्ल्यू, कुठे तापमान. लेपर्ड गेकोच्या स्वतःच्या कुळातही काही जातींत तापमान लिंग ठरवते आणि काहींत गुणसूत्रे. चुलत बहिणींमध्येही हा नियम सारखा असेलच, असे नाही. भारतासारख्या देशात, जिथे प्रत्येक डोंगररांगेला आपली वेगळी पाल आहे, तिथे उसन्या आकड्यांवर भागणार नाही. ज्या जातीबद्दल बोलायचे, तीच जात मोजावी लागेल.

हे काम आपल्याला नवे आहे असेही नाही. ओडिशातील प्राणिशास्त्रज्ञ प्रियंबदा महांती-हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धातच गहिरमाथ्याच्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांवर तापमानाचे प्रयोग केले. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत मगरींच्या अंड्यांवर जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी केलेले काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. २८ ते ३१ अंशांच्या स्थिर तापमानात सगळ्या माद्या, ३२.५ अंशांना सगळे नर. अवघ्या दीड अंशात मादीचे राज्य संपून नराचे सुरू होते. आपल्या अंगणातल्या सरड्यावर तर रीतसर वाद झडला. वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयातील राजीव रमण यांच्या गटाला त्याच्या लिंगावर तापमानाचा परिणाम दिसला नाही. २०१२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बी. शेषगिरी यांच्या गटाने मात्र तापमान चढत जाईल तसा मादी, नर, पुन्हा मादी, पुन्हा नर असा चार टप्प्यांचा नमुना मांडला. ज्या सरड्याला आपण बालपणापासून कुंपणावर मान हलवताना पाहत आलो, त्याच्याविषयी दोन नामांकित संस्थांनी भिन्न निष्कर्ष काढावेत, यातच या विषयाची खोली दिसते. विद्यार्थ्यांनी हा वाद मुळातून वाचावा. विज्ञान कसे चालते, हे त्यातून पाठ्यपुस्तकाहून अधिक कळेल.

आणि आता मूळ मुद्दा. १९७५ मध्ये भारत सरकारने मगर संरक्षण प्रकल्प सुरू केला. घडियाल, म्हणजे सुसरीची प्रौढ संख्या तेव्हा दोनशेच्याही खाली गेली असल्याचा अंदाज होता. नद्यांकाठची अंडी गोळा करून ती केंद्रांत उबवायची, पिल्ले मोठी करायची आणि नदीत सोडायची, ही प्रकल्पाची मध्यवर्ती पद्धत. त्या प्रयत्नांनी भारतीय मगरी वाचवल्या, याबद्दल त्या पिढीचे ऋण मान्यच केले पाहिजे. पण एक तारीख लक्षात घ्या. मगरवर्गीय प्राण्यांत अंड्याचे तापमान लिंग ठरवते, हे फर्ग्युसन आणि जोएनन यांनी अमेरिकी ॲलिगेटरवरील अभ्यासातून दाखवले ते १९८२ मध्ये. म्हणजे प्रकल्प सुरू झाल्यानंतर सात वर्षांनी. तोवर अंडी उबवणाऱ्या कोणालाही हे माहीत असणे शक्य नव्हते, की पेटीतल्या वाळूची ऊब राखताना आपण नदीच्या पुढच्या पिढीतले नर-मादीही ठरवत आहोत. यात कोणाचा दोष नव्हता. विज्ञानच तिथवर पोहोचले नव्हते.

आज मात्र ती सबब उरलेली नाही. कोकणचेच उदाहरण घ्या. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ पासून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. पुढे ते काम ग्रामस्थांच्या सहभागाने किनारपट्टीवर पसरले आणि वेळासचा कासव महोत्सव महाराष्ट्राला ठाऊक झाला. कोल्हेकुत्र्यांपासून आणि चोरीपासून वाचवण्यासाठी अंडी कुंपणातल्या वाळूत हलवली जातात. या कामाविषयी मनात आदरच आहे. परंतु अशी उबवण केंद्रे देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर आहेत, आणि त्यांच्या यशाचा जो आकडा आपल्यापर्यंत बातमीतून पोहोचतो तो एकच असतो : किती पिल्ले समुद्रात सोडली. कासवांत उबदार वाळू माद्या देते आणि थंड वाळू नर. कुंपणावर छप्पर आहे की नाही, खड्डा किती खोल, अंडी हंगामाच्या आरंभी आली की शेवटी, यांतील प्रत्येक गोष्ट त्या हजार पिल्लांत नर किती आणि माद्या किती, हे ठरवते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांच्या अभ्यासात अल्पवयीन कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. तिथल्या किनाऱ्यांवरही पिल्ले हजारोंनी निघत होती. संख्येने सगळे ठीक दिसत होते.

कासवाकडून पुन्हा पालीकडे येऊ. कासव आणि मगर यांच्यामागे निदान संस्था आहेत, महोत्सव आहेत, कायद्याचे कवच आहे. पालीच्या मागे कोण? आपल्या घाटांतल्या निमास्पिस पाली दिवसा वावरतात, सावलीतल्या खडकांवर राहतात आणि दगडाच्या पोटाला, कपारीच्या छताला आपली अंडी चिकटवतात. एकाच जागी अनेक माद्यांची अंडी सापडतात आणि पिल्ले निघून गेल्यावरही कवचांच्या पांढऱ्या खुणा दगडावर तशाच राहतात. ही अंडी हलवता येत नाहीत. ऊन तापले म्हणून त्यांना खोल पुरता येत नाही. ती कपार हीच त्यांची नियती. यांतील अनेक जाती एखाद्या डोंगरापुरत्या किंवा एखाद्या पठारापुरत्याच आहेत. तो डोंगर तापला, तर त्यांना जायला दुसरा डोंगर नाही.

इथे हवामान बदलाचे नाव घेतले जाईल, आणि ते घ्यायलाच हवे. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. पण पालीच्या अंड्याच्या दृष्टीने त्याहूनही झटपट घडणारी एक आपत्ती आहे. कपारीवर सावली धरणारे झाड तुटले, की जी वाढ हवामानाने शतकभरात केली, तिच्या कितीतरी पट वाढ त्या दगडावर त्याच उन्हाळ्यात होते. रस्ता रुंद करताना, खाण उघडताना, रिसॉर्टसाठी ‘दृश्य मोकळे’ करताना आपण पालीला हातही लावत नाही. पर्यावरणीय अहवालात पाल शाबूत असते, खडक शाबूत असतो, अंड्यांची जागाही शाबूत असते. बदललेली असते फक्त तिथली ऊब. ती ऊब मोजलेली नसेल, तर झालेले नुकसान दाखवायचे कसे? न मोजलेल्या गोष्टीची बाजू कोणत्याही सुनावणीत मांडता येत नाही. मोजमापाचा आग्रह धरण्यामागे माझे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप : या पालींत लिंग गुणसूत्रांनीच ठरत असेल, तर एवढी यातायात कशाला? तसे असू शकते. पण गुणसूत्रे असणे म्हणजे अभय नव्हे. ऑस्ट्रेलियातील दाढीवाल्या ड्रॅगन सरड्यात लिंग झेड-डब्ल्यू गुणसूत्रांनी ठरते. तरीही ३२ अंशांच्या वरच्या उबवणीत गुणसूत्रांनी नर असलेली पिल्ले मादी म्हणून जन्मतात. २०१५ मध्ये क्लेअर हॉलेली आणि सहकाऱ्यांनी अशा माद्या रानातही सापडल्याचे दाखवले. त्यांचा नेहमीच्या नरांशी संकर झाल्यावर पुढच्या पिढीत डब्ल्यू गुणसूत्र उरलेच नाही आणि लिंगाचा कारभार एका पिढीत तापमानाच्या हाती गेला. शिवाय लिंग ठरणे बाजूला ठेवले, तरी अंडे किती दिवसांनी फुटते आणि पिल्लू जगते की नाही, यांवर तापमानाची सत्ता राहतेच.

दुसरा आक्षेप : प्रयोगशाळेतले स्थिर तापमान रानात कुठे असते? हा आक्षेप रास्त आहे. कपारीत दिवसा ऊन चढते, रात्री उतरते. सरासरी सारखीच असूनही चढउतार मोठा असेल, तर परिणाम वेगळा होऊ शकतो. पण या आक्षेपातून माझ्या म्हणण्याला बळच मिळते. प्रयोगशाळेतील आकडे रानाला लागू होत नसतील, तर रानातील आकडे गोळा करण्याला पर्याय उरत नाही.

तिसरा आक्षेप : मादी जागा निवडते. पूर्वीची कपार तापली, तर ती अधिक थंड कपार निवडेल, किंवा अंडी घालण्याचा काळ पुढेमागे करेल. होय, सरपटणाऱ्या प्राण्यांत हे दिसून आले आहे, आणि आपल्या पालीही तसे करत असतील तर उत्तमच. परंतु निवड करायला आधी पर्याय असावे लागतात. पठाराच्या कडेला दहा कपारी असतील तर मादी निवडेल. त्यांतल्या नऊ उघड्या पडल्या, तर तिची निवडक्षमता काय कामाची? तिला किती पर्याय उरले आहेत, हे पुन्हा तापमापकच सांगू शकतो.

तर करायचे काय? माझ्या अपेक्षा अवाढव्य नाहीत. नव्या पालीचे वर्णन लिहिणाऱ्यांनी, शक्य असेल तिथे, अंड्यांच्या जागेचे वर्णन आणि तापमानाची नोंद हा त्या निबंधाचा नियमित भाग करावा. जी कवचे दगडावर चिकटून राहतात, त्यांच्यामुळे जिवंत अंड्याला धक्का न लावताही जागा ओळखता येते. तापमान आपोआप नोंदवणारी उपकरणे आज शर्टाच्या गुंडीएवढी झाली आहेत. रिकाम्या कपारीत अशी गुंडी वर्षभर ठेवली, तर ऋतूंची पूर्ण कहाणी हाती येते. कासवे आणि मगरी उबवणाऱ्या प्रत्येक केंद्राने, ते सरकारी असो वा लोकांचे, प्रत्येक खड्ड्याचे तापमान नोंदवावे आणि ‘किती पिल्ले सोडली’ याच्या शेजारी ‘किती अंशांत उबवली’ हा रकाना जोडावा. बातमी देणाऱ्यांनीही तो रकाना मागावा. आणि संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांनी, ज्या कामातून नवे नाव किंवा खळबळजनक शीर्षक निघणार नाही, अशा दीर्घ व संथ नोंदींनाही पैसा द्यावा.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. पालींच्या अभ्यासासाठी महागडी यंत्रणा किंवा परदेशी प्रयोगशाळा हवी, असे मुळीच नाही. तुमच्या महाविद्यालयामागच्या टेकडीवर खडक आहेत. परवानगीशिवाय रानातल्या अंड्यांना किंवा पिल्लांना हात लावायचा नाही, हे पथ्य काटेकोर पाळा. वनविभागाची परवानगी आणि मार्गदर्शक शिक्षक यांशिवाय उबवणीचे प्रयोग करू नका. पण सावलीतल्या आणि उन्हातल्या कपारीचे तापमान वर्षभर मोजणे, कोणत्या तोंडाच्या कपारीत जुनी कवचे अधिक दिसतात ते टिपणे, झाड तुटण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडणे, एवढे पदव्युत्तर प्रकल्पाच्या मुदतीत सहज होते. अशा दहा टेकड्यांच्या नोंदी एकत्र आल्या, तर सह्याद्रीच्या पालींविषयी आज कोणत्याही ग्रंथात नसलेले ज्ञान तुमच्या वहीत असेल.

नाव देणे ही ओळखीची पहिली पायरी आहे आणि ती पायरी आपल्या संशोधकांनी कष्टाने, रात्रीच्या रात्री डोंगर तुडवून चढली आहे. त्या कष्टांना साजेशी दुसरी पायरी आता चढायला हवी. येत्या काळात एखाद्या नव्या पालीची बातमी येईल तेव्हा तिच्या रंगांचे वर्णन आपण कौतुकाने वाचूच. त्याच बातमीत पुढचे एक वाक्यही असावे : तिची अंडी उत्तराभिमुख कपारीत सापडली, आणि अंडी घालण्याच्या महिन्यात तिथले तापमान इतके अंश होते. ते वाक्य साधे असेल, कोणाच्या लक्षात राहणारही नाही. पन्नास वर्षांनी कोणी त्या डोंगरावर पुन्हा गेला आणि तिथे फक्त माद्या किंवा फक्त नर दिसले, तर काय बदलले हे त्याला त्याच वाक्यावरून कळेल.